पंपाचं सील

त्या शनिवारी दुपारी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढून सुधीर आणि त्यांची मुलगी हेमांगी एका इंजिनावरून वाद घालत होते. म्हणजे सुधीर घालत होते. हेमांगी ऐकत होती.

इंजिन त्यांचं जुनं गिऱ्हाईक काळुरामशेठच्या ट्रकचं. मोहने गावात शेठच्या मोकळ्या जमिनीवर ट्रकांची शर्यत भरायची. पळायची नव्हे, ओढायची. ट्रकमागे साखळीने लोखंडी घसरगाडी बांधायची आणि तिच्यावर दगडांनी भरलेली पेटी ठेवायची. ट्रक पुढे जाईल तशी पेटी सरकत पुढच्या टोकाला येते, घसरगाडी जमिनीत रुतत जाते आणि ओझं वाढत जातं. जो सर्वांत लांब नेईल तो जिंकला. त्याच माळावर एकेकाळी बैल पळवणारी घरं आता डिझेलवर पैजा लावत होती.

"पेटी पुढे येईपर्यंत निम्मं मैदान मारलेलं असलं पाहिजे," सुधीर म्हणाले. "म्हणून जुनं सहा सिलिंडरचं, लांब स्ट्रोकचं इंजिन. सावकाश फिरतं, पण पहिल्या धक्क्यापासून ओढतं. कॉम्प्रेशन आहे तसंच, वर जादा हवा कोंबणारा टर्बो मोठा. तुमची नवी इलेक्ट्रॉनिक इंजिनं टर्बो जागा होईपर्यंत जागेवरच खोकत बसतात."

हेमांगी एका कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घेत असे. जुन्या इंजिनाला तिचा विरोध नव्हता; तिनेही तेच निवडलं असतं. पण एवढा मोठा टर्बो बसवायचा तर सिलिंडरमधला दाब आवरायला कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन घालायला हवे होते. सुरुवात जरा ढिली झाली असती, पण शेवटी जोर लावताना इंजिन शाबूत राहिलं असतं. बाबांना सुरुवातही हवी होती आणि शेवटही.

"सिलिंडरवरचं हेड उचलेल," ती एवढंच म्हणाली.

"जाड स्टड टाकलेत की, हेड दाबून धरायला."

"ठीक आहे. तुम्हाला योग्य वाटतं तसं."

सुधीरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पूर्वी जेवणाच्या ताटावर दोघं अशी भांडत, की आमटी गार होऊन जाई. त्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून ती वादातून अशीच उतरून जायची, चालत्या बसमधून उतरावं तशी.

"अलीकडे फार लवकर पटतं तुला," ते म्हणाले.

ती हसली. सुधीर थोडा वेळ थांबले. मग डिझेल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या पंपाच्या स्क्रूमधून त्यांनी तार ओवली, तारेच्या टोकाला शिशाचा मणी पक्कडीने दाबला आणि त्यावर आपली खूण उमटवली. सील लागलं, की त्या पंपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा धंद्याचा रिवाज. चहाबरोबर त्यांनी वडे मागवले. त्यांना मनाई होती, तरी एक खाल्ला. हेमांगीने पाहिलं आणि तेही बोलून दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी बुटाची लेस बांधायला खाली वाकलेले सुधीर पुन्हा उठले नाहीत.

महिन्याभराने काळुरामशेठचा फोन आला. "साहेबांचं शेवटचं इंजिन हाय, बाय. तू पायजेस."

ती मोहन्याला पोचली तेव्हा ट्रकच्या काचेमागे बाबांचा हार घातलेला फोटो होता. चालवायला शेठचा मुलगा हितेश. त्याची बायको करिश्मा मोबाईल उंच धरून उभी होती. पहिल्या फेरीत ट्रकने सगळ्यांना मागे टाकलं. काळुराम भेटेल त्याला मिठी मारत सुटले. "साहेबांचा हात हाय तो!"

गर्दी ट्रकला चिकटली तशी हेमांगी रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीशी वाकली. इंजिन नुसतं सुरू होतं, तरी पाण्यात बुडबुडे येत होते आणि त्यांना धुराचा वास होता. म्हणजे हेड उचलायला लागलं होतं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत होता. शेवटच्या फेरीत हेडखालचं गॅस्केट फुटलं तर पाणी सिलिंडरमध्ये जाणार. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड मोडून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येणार. आणि या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच होतं, पत्र्याच्या झाकणाखाली, हितेशच्या डाव्या गुडघ्याला लागून.

"काका, फायनल ओढू नका."

"तापलंय जरा. पानी मारतो."

"तापलं नाही, हेड उचलतंय. ओढायचंच असेल तर मला डिझेल कमी करू द्या, पंपाचं टायमिंग मागे घेऊ द्या. कदाचित हरू आपण. पण हितेशला काही होणार नाही."

"म्हंजे सील तोडनार?" काळुरामांचा चेहरा उतरला. "मी हलदकुंकू लावलंय गो त्याला."

पलीकडून टिटवाळ्याच्या ट्रकवाल्याने हाक दिली, "हितेश, म्हातारं दमलं काय रे? खाट टाकू?"

माणसं हसली. "ताई, आता मागं फिरलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाय," म्हणत हितेश केबिनमध्ये चढला. भोंग्यावर ट्रकचं नाव पुकारलं गेलं.

एक सोपी वाट होती. डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणायचं, बाबांचं नाव राहिलं असतं. पण काळुरामांनी लगेच दुसरं डिझेल भरलं असतं आणि पोराला मैदानात धाडलं असतं.

साखळीचा हूक अडकला. हितेशने ॲक्सिलरेटर दाबला. हेमांगी ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो, बाय," काळुराम ओरडले.

ती हलली नाही. हितेशने बापाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

काळुराम तिच्याजवळ आले. आवाज खाली आला होता. "तीस वरसं त्या मानसानं माजे डंपर सांबालले. त्याच्या हातची चूक म्हनतेस तू?"

हेमांगीने मागे हात नेऊन ट्रकच्या बंपरवर टेकवला.

"मंग मना नको सांगू. त्यांना सांग." त्यांनी काचेकडे बोट केलं. "हे काय, समोर बसलेत. त्यांच्या तोंडावर बोल, मंग तोड सील."

हितेश इंजिनावरच्या झाकणाच्या क्लिपा काढत होता. करिश्माने मोबाईल खाली घेतला होता. हेमांगीने वर पाहिलं. चष्म्यावरून बघणारे बाबा, थोडा वेळ थांबलेले.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमचं चुकलंय."