गिऱ्हाइकाच्या रेघा

धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी ताईने कारखान्यात आलेख लावला. हवेच्या टाक्यांचा कारखाना. दाबयंत्रातून निघालेल्या टाकीच्या पाच बुडांची जाडी दर तासाला मोजायची आणि सरासरीचा ठिपका कागदावर द्यायचा. वर एक रेघ, खाली एक. यंत्र नीट चालत होतं त्या दिवसांच्या मोजमापांवरून ताईने त्या काढल्या होत्या. ठिपका बाहेर गेला की यंत्राचं बिनसलं समजून काम थांबवायचं.

धाकटीचा नवरा तिथेच टाक्यांत हवा भरून तपासायचा.

"ताई, तुमच्या रेघा म्हणजे सासूबाईच! जरा पाऊल वाकडं पडलं की ओरडल्या."

"ओरडतात म्हणून तुमचं डोकं जागेवर आहे, भावोजी."

पुढे ठिपके खाली घसरू लागले. ताईने सारखं काम थांबवलं, तशी साहेबांची तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या रेघा पुसून त्यांनी गिऱ्हाइकाला चालणारी कमीत कमी जाडी हीच खालची रेघ आखली. आलेख एकदम गप्प झाला.

ताई तणतणत त्यांच्या खोलीत शिरली.

"गिऱ्हाइकाची मर्यादा एकेका टाकीची आहे, साहेब! आपण सरासरी मांडतो. चार जाड बुडांच्या आड एक पातळ बूड खुशाल निघून जाईल."

"गिऱ्हाईक खूश आहे. तुमच्याच पोटात का दुखतं?"

"कारण टाकी आधी माझ्या भावोजींसमोर येते!"

"घरची नाती घरी ठेवा, बाई."

संध्याकाळी ती तडक बहिणीकडे गेली. "भावोजी, ते काम सोडा."

"आणि खाऊ काय? टाकीतली हवा?"

"दात काय काढताय! सोडा म्हणते ना!"

"ताई, तूच जरा साहेबांशी जमवून घे," धाकटी म्हणाली. "तुझ्या रागापायी यांच्यावर गदा यायची."

ताईला बहिणीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. ती चहा न घेता निघाली.

सकाळी कारखान्यात जाऊन तिने तो आलेख भिंतीवरून ओरबाडून टराटरा फाडला. साहेबांनी दुपारी दुसरा लावला, त्याच रेघांचा, आणि तिला घरी बसवलं.

नऊ मार्चला सकाळच्या पाळीत सगळे ठिपके रेघांच्या आत होते. त्याच पाळीत टाकी फुटून धाकटीचा नवरा वारला.