बाजूच्या दारानं आलेले

फुटबॉल क्लबाच्या फाटकावर बावीस वर्षं उभं राहिलेला माणूस, म्हणून गावानं त्यांना फाटकमास्तर करून टाकलं. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. उलट स्वतःच नववीला दोनदा बसले होते. पण मोजण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मैदानाची फाटकं लोखंडी, फिरती. माणूस ढकलून आत गेला की खटकन वाजायचं आणि आकडा एकानं पुढे सरकायचा. मास्तर भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, नुसत्या त्या खटक्यांवरून सांगायचे, "अडीच हजार झाले बघा." आणि अडीच हजारच झालेले असायचे, पाच-दहा इकडेतिकडे.

गाव केवढं, तर नव्वद हजार वस्तीचं. वरच्या लीगमध्ये एवढं चिमुकलं गाव दुसरं नव्हतं. बाकीचे सगळे क्लब दहा-दहा, वीस-वीस लाखांच्या शहरांतले. त्यांचे खेळाडू बसच्या खिडकीतून आमच्या त्या एकुलत्या एका मोठ्या रस्त्याकडे बघायचे आणि एकमेकांना कोपरखळ्या मारून हसायचे. हसा लेको! दर अकरा माणसांमागे एक माणूस मॅचला येतो असं शहर दाखवा म्हणावं दुसरं. वीस लाखांच्या शहरातून त्या मानानं पावणेदोन लाख लोक यायला हवेत. येतात?

हे गणित मास्तर मनातल्या मनात करायचे. बोलायची सोय नव्हती, कारण कागदावरचा आकडा वेगळा होता.

त्याचं असं झालं. पूर्वेकडचा स्टँड लाकडी, मास्तरांच्याही आधीचा. मास्तर फाटकावर आले त्याच वर्षी अग्निशमन खात्याचे साहेब आले, चार फळ्या पायानं दाबून बघितल्या आणि परवान्यावर लिहून गेले: तीन हजार माणसं, वर एकही नको. यायची पाच हजार. त्यातली दोन हजार तर बाटल्यांच्या कारखान्यातली. कारखान्याची पाळी सुटायची तीनला आणि मॅच सुरू व्हायची तीनला. ही मंडळी अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी धापा टाकत पोचायची, तोवर तीन हजारांचा आकडा भरून गेलेला असायचा.

क्लबाचे चिटणीस म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. निम्म्या गावाचे दात त्यांनी काढलेले आणि स्वतःचं निम्मं आयुष्य क्लबात घातलेलं. ते मास्तरांना म्हणाले, "आठ तास भट्टीपुढे उभी राहून आलीत ही माणसं. यांना काय घरी पाठवू? बाजूचं दार उघडा."

बाजूचं दार म्हणजे मैदानाचा रोलर आतबाहेर करायचं दार. साधं, पत्र्याचं. त्याला आकडा नाही, खटका नाही. त्या दिवसापासून मास्तर पहिल्या तीन हजारांना फाटकातून घ्यायचे आणि मग स्वतः जाऊन बाजूचं दार उघडायचे. कारखान्याची माणसं सभासद, प्रत्येकाकडे वर्षाचा पास. तो दाखवायचा आणि आत पळायचं. मोकळ्या बाजूचे, म्हणजे उघड्यावर उभे राहणारे, तीन हजार दोनशे आणि स्टँडचे तीन हजार, मिळून सहा हजार दोनशे असा आकडा दर मॅचला कागदावर लिहिला जायचा. मैदानात असायचे आठ हजार दोनशे.

आता तुम्ही म्हणाल, हे काय बरोबर होतं का? नव्हतंच. स्टँड कोसळला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. कोसळला नाही, एवढंच.

परवानावाले अधूनमधून तपासणीला यायचे आणि भुवया चढवायचे, "गर्दी जास्त दिसते हो?" मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "साहेब, लाकडी स्टँड आहे. आवाज घुमतो. आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात." हे ते इतक्या भाबड्या चेहऱ्यानं सांगायचे की साहेब मान डोलवून निघून जायचे. मास्तरांना ह्या उत्तराचा, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानच होता.

बाजूच्या दारानं येणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा त्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, भट्टीवर कामाला. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो ओरडला की पलीकडच्या गोलकीपरला ऐकू जायचं. लग्नात मास्तर बोहल्यावर उभे होते तेव्हाही ह्यानं मांडवातूनच, "दाजी, आज मॅच आहे, आटपा!" म्हणून हाक मारली होती.

मग एका वर्षी लीगचं पत्र आलं. पंचवीस लाखांच्या एका शहराला संघ हवा होता. तिथे नवं मैदान बांधून तयार होतं, जाहिरातवाले तयार होते, टीव्हीवाले तर तयारच बसले होते. लीगमध्ये संघांची संख्या ठरलेली; म्हणजे एक नवा यायचा तर एक जुना उचलून तिकडे न्यायचा. चार लहान गावांची नावं यादीत होती. कोणतं गाव ठेवायचं आणि कोणतं नाही हे बघायला लीगच्या एक बाई यायच्या होत्या.

बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या, हातात एक वही. मोठ्या लोकांबरोबर खुर्चीत बसायचं सोडून त्या सबंध मॅचभर मोकळ्या बाजूला उभ्या राहिल्या. गावानं त्या दिवशी एक गोल खाल्ला, दोन घातले, आणि दुसऱ्या गोलला स्टँडच्या फळ्या अशा थरथरल्या की मास्तरांनी पटकन स्टँडच्या खांबांकडे बघितलं.

मॅचनंतर चिटणिसांच्या खोलीत बाईंनी त्या दिवसाचा कागद बघितला.

"सहा हजार दोनशे," त्या म्हणाल्या. "मास्तर, आकडा तुम्ही ठेवता ना? मला गर्दी जास्त वाटली."

आणि मास्तर बोलून गेले. विचार केला नाही, थांबले नाहीत, श्वाससुद्धा घेतला नाही. "बाई, लाकडी स्टँड आहे. आवाज घुमतो. आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात."

बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. वही मिटली. मग म्हणाल्या, "वाईट वाटतं हो. तुम्हाला सांगायला हरकत नाही. लहान गावासाठी आम्ही एक सवलत ठेवली आहे. वस्ती कितीही असू दे, सरासरी सात हजार प्रेक्षक असतील तर संघ हलवायचा नाही. आज मैदानात उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हे गाव त्यात बसणार. मी तुमच्या बाजूनं लिहायच्या तयारीत आले होते."

 चिटणिसांनी मास्तरांकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.  मास्तरांना सांगायला किती शब्द लागले असते? "बाई, मी आत्ता खोटं बोललो." बस्स, एवढेच. बाई समंजस होत्या, त्यांनी ऐकून घेतलं असतं. स्टँड बंद झाला असता, दंड झाला असता, पेपरात नाव आलं असतं. पण क्लब राहिला असता, निदान राहायची आशा तरी राहिली असती. मास्तरांनी पुढे कितीदा स्वतःला विचारलं की मी का गप्प बसलो? स्टँडसाठी? चिटणिसांसाठी? छे. आत्ताच इतक्या साळसूदपणे बोललेलं वाक्य परत घ्यायची लाज वाटली. एका बाईसमोर खोटारडा ठरू नये म्हणून त्यांनी सगळं गाव घालवलं.

बाई उठल्या, दोघांना नमस्कार केला आणि गेल्या. दोन महिन्यांनी निकाल आला. संघ जाणार, कारण हवे होते सरासरी सात हजार आणि भरले सहा हजार दोनशे.

शेवटच्या मॅचला चिटणीस म्हणाले, "आता कोणाची भीती आहे मास्तर? सगळ्यांना फाटकातून घ्या." मास्तरांनी बाजूचं दार बंदच ठेवलं. कारखान्याची माणसं रांगेत उभी राहिली, एकेकजण ढकलून आत गेला, खटका वाजत राहिला. पहिला अर्धा खेळ संपला तरी रांग संपली नव्हती. आकडा झाला आठ हजार नऊशे, आणि तो लाउडस्पीकरवरून जाहीरही झाला. बावीस वर्षांतला पहिला खरा आकडा. मास्तरांना वाटलं, चला, जाता जाता एक तरी काम सरळ केलं.

पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरानं गावाची सालटी काढली. 'निरोपाला नऊ हजार. वर्षभर कुठे होतात?' असा मथळा. आत लिहिलेलं की गावकऱ्यांनी आधी एवढी हजेरी लावली असती तर संघ कुठेच गेला नसता. आता रडून काय उपयोग. झालं! सबंध गाव एकमेकांवर घसरलं. दुकानदार कारखानेवाल्यांना बोलले, कारखानेवाले शाळेच्या शिक्षकांना बोलले, तू पावसात आला नाहीस, तू साल्याच्या लग्नाला गेलास. मास्तर सगळं ऐकत होते आणि तोंड शिवून बसले होते.

संघ तिकडे गेला. पहिल्या वर्षी त्या मोठ्या शहरात खुर्च्या रिकाम्या दिसायच्या, तेव्हा गावाला जरा बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षापासून मैदान भरायला लागलं, हेही सांगायला हवं. पंचवीस लाखांतून तीस हजार काढणं काही अवघड नसतं.

भोंगा मात्र शनिवारी पाळी सुटली की सवयीनं मास्तरांकडे यायचा. सव्वातीनला येऊन बसायचा, ताईच्या हातचा चहा घ्यायचा, टीव्ही लावू द्यायचा नाही. हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. इतका की एकदा ताईच म्हणाली, "अरे, तुला भोंगा म्हणतात ना? वाज की जरा."

तो हसला नाही. कप बशीत ठेवून म्हणाला, "दाजी, एक विचारू? आठशे माणसं कमी पडली ना आपल्याला? सात हजारांना आठशे."

"आता ते कशाला काढतोस?"

"नाही, मी हिशेब केला. आमच्या चाळीत सोळा बिऱ्हाडं. मी एकटाच यायचो. कधी कुणाला म्हटलं नाही की चला माझ्याबरोबर. पाळी सुटली की मला पळायची घाई. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं होतं, मलाही ने रे. मी म्हटलं, तुमच्या चालीनं चाललो तर माझा पहिला गोल चुकेल." त्यानं बशी दूर सारली. "माझ्यासारख्या प्रत्येकानं एक जरी माणूस आणला असता ना, दाजी. मला झोप लागत नाही हो. मीच घालवला असं वाटतं."

पंचेचाळीस वर्षांचा, हातावर भट्टीचे डाग असलेला माणूस डोळे पुसत होता. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती भावाच्या पाठीवरून हात फिरवत होती. ह्या घडीला गप्प बसलो तर आपल्यासारखा नालायक आपणच, हे मास्तरांना कळलं. आणि त्यांनी सांगितलं. सगळं. तीन हजारांचा परवाना, बाजूचं दार, सहा हजार दोनशेचा कागद, बाई, बाईंना दिलेलं उत्तर, त्यानंतरची ती सवलत आणि त्यानंतरचं गप्प बसणं. काही लपवलं नाही, चिटणिसांवर काही ढकललं नाही.

"तुम्ही कमी पडला नव्हतात रे," ते म्हणाले. "कुणीच कमी पडलं नव्हतं. आठ हजार दोनशे होतात."

ताईचा हात भावाच्या पाठीवरच थांबला होता.

"म्हणजे दारानं येणारे आम्ही," भोंगा सावकाश म्हणाला, "मोजलेच जात नव्हतो."

"नाही."

"एकदाही?"

"त्या शेवटच्या दिवशी. एकदा."

"आणि मी एवढा घसा फोडायचो, तो त्या बाईला फळ्यांचा आवाज म्हणून सांगितलात."

मास्तरांनी मान खाली घातली. "मला शिव्या दे," ते म्हणाले. "हवं तर दोन ठेवून दे. पण तुझा काही दोष नव्हता, एवढं मनातून काढून टाक."

भोंग्यानं शिव्या दिल्या नाहीत. तो उठला, दारापाशी जाऊन चपला घालायला लागला, आणि एक चप्पल पायात, एक हातात असा तसाच उभा राहिला.

"दाजी, कारखान्यात नवीन माणूस लागला ना," तो म्हणाला, "की मी त्याला पहिल्या दिवशीच सांगायचो. उशीर झाला म्हणून घाबरायचं नाही. बाजूच्या दारावर आमचे दाजी असतात. ते आपल्या एकाही माणसाला बाहेर ठेवत नाहीत."