फुसीपाला आत्या पाण्यात उतरल्या

या, जवळ सरा. चटईवर जागा पुष्कळ आहे. नीरफणस निखाऱ्यात घातलाय, तो भाजून होईपर्यंत एक गोष्ट सांगते. गोष्ट आमच्या आत्यांची आहे, आणि सांगताना माझी मान जरा ताठ झाली तर हसू नका.

फुसीपाला आत्या म्हणजे माझा नवरा लोपेती याच्या वडिलांची थोरली बहीण. आपल्या टोंगाच्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान घरात सगळ्यांत वरचा. ती मागेल ते द्यायचं, आणि तिची चूक तिच्या तोंडावर काढायची नाही. त्यात आत्या चर्चच्या गायनमंडळातल्या बायकांच्या पुढारी. त्यांनी सूर धरला की समुद्रसुद्धा खर्जात साथ देतो असं मला वाटायचं.

लोपेतीची होडी दरवर्षी आमच्या मंडळाला पांगाई गावी गाण्याच्या मोठ्या मेळ्याला नेते. त्याच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. वादळांचे महिने सरले की होडीतलं सगळं सामान वाळूत चटईवर मांडायचं, पाद्रीबाबांनी प्रार्थना करायची आणि साऱ्या बेटासमोर एकेक वस्तू तपासायची. लाइफ जॅकेटला पोवळ्याचा दगड बांधून पाण्यात सोडायचं. दगड धरून तरंगलं तर ते होडीत जाणार, बुडालं तर चुलीत. "माझ्या होडीतून गेलेला माणूस परत आला पाहिजे," असं सासरे म्हणायचे. ते गेल्यापासून लोपेतीनं हा शब्द जिवापाड जपला होता.

त्या वर्षी काय झालं, वादळांचे महिने लागले म्हणून होडी वाळूवर ओढून ठेवली तेव्हा आत्यांनी सगळी जॅकेटं मागून नेली. आमचे पाद्रीबाबा प्रवचन गाऊन सांगायचे. एक कडवं त्यांचं, एक आमचं. असं प्रवचन संपूच नये वाटतं, आणि ते संपायचंही नाही. मन वर स्वर्गात असायचं, पण खाली बाक लाकडाचे. आत्यांनी जॅकेटांना फुलाफुलांच्या खोळी शिवल्या आणि बाकांवर अंथरल्या. मीही बसले की त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. गादीवर बसून देवाचं नाव घेताना आवाजसुद्धा गोड लागायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी आत्यांनी ती धुऊन, घडी घालून, खोळींसकट परत दिली.

तपासणीला सगळं बेट जमलं. वल्ही, नांगर, पाणी उपसायचा डबा, आकाशात सोडायचे इशाऱ्याचे लाल बाण, सगळं नीट होतं. मग लोपेती कमरेइतक्या पाण्यात गेला. पहिलं जॅकेट दगडासकट सोडलं. खोळीवरची फुलं जराशी हलली आणि तळाला गेली. दुसरं गेलं. तिसरंही गेलं. आमच्या मंडळातल्या बायका अंगानं काही लहान नाहीत. इतके महिने दाबून दाबून आतला फोम भाकरीसारखा चपटा झाला होता.

सगळ्यांना कळलं होतं, पण आत्यांकडे बघायची कुणाची टाप नव्हती. मी लोपेतीकडे बघत होते. खरं बोलला तर आत्यांचा भर समाजात अपमान, आणि नाही बोलला तर हीच जॅकेटं घालून आम्ही सगळ्या खोल समुद्रावर. त्यानं बुडालेलं जॅकेट वर ओढलं. मग खाली मान घालून म्हणाला, "दगडच जड निघाला."

आत्या उठल्या. "लोपेत्या, दगड जड नाही. तुझी जीभ जड झालीय."

चारचौघांत मानाची म्हणून कमरेला गुंडाळतो ती विणलेली चटई सोडून त्यांनी माझ्या हातात दिली, एक जॅकेट उचललं, अंगात घातलं आणि तशाच पाण्यात शिरल्या. पाणी छातीला लागलं तसे त्यांनी पाय उचलले. खांदे गेले, हनुवटी गेली, नाक गेलं. वर फक्त पांढरा अंबाडा राहिला. लोपेती धावला, तोवर त्या स्वतःच पाय टेकून उभ्या राहिल्या, खोकल्या आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हे समुद्रानं नाही बुडवलं. आमच्या बुडानं बुडवलं."

हसावं की नाही, कुणाला कळेना. पहिल्या त्याच हसल्या. मग पाद्रीबाबांपासून सगळं बेट हसलं. लोपेतीच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. आत्यांनी ओल्या हातानं त्याचा कान धरला.

"आत्याचा शब्द मोडायचा नसतो ना?"

"नाही, आत्या."

"मग ऐक. आजपासून होडीच्या सामानाच्या बाबतीत कुणाच्याही आत्याचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा."

तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण घरी येऊन त्यांनी पेटी उघडली आणि तळाची चटई काढली. रेशमासारखी मऊ, त्यांच्या आजीनं विणलेली. आपल्या शेवटच्या दिवशी अंगाभोवती गुंडाळावी म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती. पांगाईच्या एका दुकानदाराकडे लग्न होतं, त्यांना आहेरात द्यायला असलीच चटई हवी होती. लोपेती मालाच्या मोठ्या बोटीनं ती घेऊन गेला आणि मंडळातल्या प्रत्येकीसाठी नवं कोरं जॅकेट घेऊन आला. मी आत्यांना हळूच विचारलं, मग तुमच्यासाठी काय? त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या परत या. मला कशात गुंडाळायचं ते तुमचं तुम्ही बघाल."

नव्या जॅकेटांनाही दगड बांधून झाला. एकही बुडालं नाही. जॅकेटांच्या नारिंगी रंगात नटून आम्ही गात निघालो, आणि पुढच्या फळीवर आत्या बसल्या होत्या, ताठ.

पुढे त्या गेल्या तेव्हा चटई आम्ही मंडळातल्या बायकांनी मिळून विणली. आजीच्या चटईइतकी मऊ नाही झाली, पण एकही हात त्यातून सुटला नाही. चर्चमधले बाक अजून कठीणच आहेत, आणि प्रवचन अजून लांबतं.

नीरफणस झाला बघा. उद्या सकाळी तपासणी आहे, तुम्हीही याल. पहिलं जॅकेट दगड धरून वर आलं की घटकाभर गप्प राहा, आणि फुसीपाला आत्यांची आठवण काढा.