अर्ध्या तासासाठी तालिया

मेम्फिसमधली आमची शाळा खासगी, पण कुठल्याच चर्चची नाही. 'सर्वांसाठी' असं फाटकावर लिहिलेलं. तरी तिसरीच्या दोन्ही वर्गांत मिळून काळी मुलं दोनच, इमानी आणि तालिया. मुख्याध्यापिका कॅरोलिन दर वर्षी त्यांना एकेका वर्गात वाटून टाकायची. शाळा बघायला आलेले आईबाप कुठल्याही दारात उभे राहिले तरी आम्हा काळ्यांतला एक चेहरा दिसायला हवा ना!

अशा वाटणीत इमानी दुसरीत एकटी पडली आणि वर्गात बोलेनाशीच झाली. घरी अखंड बडबडणारी पोर. उन्हाळ्यात तिची आई वर्लीन मला म्हणाली, "मिस अल्मा, यंदाही गप्प राहिली तर नाताळानंतर काढून घेते तिला. एवढी फी भरून मुकी लेक नकोय मला."

मी हट्टाने दोघींना माझ्या वर्गात घेतलं. कॅरोलिन नाराजीनेच हो म्हणाली.

दोघी एका बाकावर बसू लागल्या, मैदानावर खिदळू लागल्या. वर्गात मात्र इमानीच्या तोंडून शब्द नाही. कळी नखाने उघडायची नसते, हे मी इतकी वर्षं इतरांना सांगत आले. पण नोव्हेंबर उजाडला तसा माझाच धीर सुटायला लागला.

शाळा बघायला पाहुणे येतात त्या दिवशी वर्गात गुणाकार चालू होता. कॅरोलिन दारात आली आणि हळूच म्हणाली, "अल्मा, अर्धाच तास. तालियाला शेजारच्या वर्गात बसू दे. पाहुणे जिन्यात आहेत."

"ती काय फुलदाणी आहे, इथून उचलून तिथे ठेवायला?"

"हळू बोल गं. आज दोन काळी कुटुंबंही आलीत. तिथे सगळी गोरीच मुलं बघून ती माघारी गेली, तर? आणखी मुलं यावीत असं तूच म्हणतेस ना?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझ्याच्याने पटकन नाही म्हणवेना. तेवढ्यात गुणी तालिया पेन्सिल घेऊन उभी राहिली.

"जाऊ का, बाई?"

जिन्यातली पावलं जवळ आली. इमानीने तालियाची बाही घट्ट धरली.

"नाही जायचं! आमचं गणित अर्धं राहिलंय."

सगळा वर्ग वळून बघू लागला. कॅरोलिनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ती पाहुण्यांकडे निघून गेली.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला, "या वर्गात आमच्यातलं कुणीच नाही?" कॅरोलिनने काय उत्तर दिलं, ते ऐकू आलं नाही. मी फळ्यावर पुढचा आकडा लिहिला.

"बाई, पुढचं मी सांगू?" इमानी म्हणाली.

तिने सांगितलेलं उत्तर चुकलं. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.