हौसाबाईंचा तास

हौसाबाई शेलारांना शनी बघायचा होता. फोटोत नाही, दुर्बिणीतून.

"साडेबावीस वर्षं दर शनिवारी तेल घातलंय मी त्याला," त्या म्हणायच्या. "कुनाला घालतोय ते एकदा बघू तरी."

हिशोब सरळ होता. आधी नवऱ्याची साडेसाती, मग त्यांची स्वतःची, मग मुलाची. नवरा सुभेदार मल्हारी शेलार फौजेत, त्यामुळे बेळगाव, बबिना, जोधपूर, तेजपूर अशा चौदा बदल्या झाल्या. या सगळ्या बदल्या शनीने केल्या, सैन्याचा त्यात काही हात नाही, असं सासूबाईंचं शेवटपर्यंत मत होतं. हौसाबाईंनी ते कधी खोडलं नाही. फक्त ज्याने चौदा वेळा घर उठवलं, त्याचं तोंड पाहायचं राहून गेलं होतं.

आता दोघं ग्रेटर नोएडात मुलाकडे राहत होते आणि जवळच्याच एका खाजगी विद्यापीठात जात होते. विद्यापीठाने निवृत्त लोकांसाठी वर्ग सुरू केले होते. जागा चाळीस, प्रतीक्षायादीत एकशे बारा. या सत्रात हौसाबाईंनी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं आणि कँपसवरच्या प्रत्येक झाडाला त्या आता दोन नावांनी ओळखत. मल्हारींनी 'मोबाइल आणि सायबर सुरक्षा' घेतलं होतं. तेव्हापासून ते मुलाचाही फोन उचलत नव्हते.

जानेवारीत खगोलशास्त्र सुरू होणार होतं. गच्चीवर दुर्बीण होती. शिकवणाऱ्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की शनी संध्याकाळी फेब्रुवारीपर्यंतच दिसेल, नंतर थेट पुढच्या हिवाळ्यात. हौसाबाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. पुढच्या हिवाळ्याचं त्या पुढच्या हिवाळ्यात बघणार होत्या.

अडचण एकच होती, नियमाची. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एकदा, आयुष्यात जे काही आलं असेल त्यावर, पंचेचाळीस मिनिटांचा तास घ्यायचा. तास नाही तर पुढच्या सत्रात जागा नाही. नियम उत्तम होता. त्यामुळेच बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी खोटी सही कशी ओळखायची ते शिकवलं आणि पुढच्याच आठवड्यात हजेरीपटावरची उपस्थिती निम्म्यावर आली. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले श्रीपाद अभ्यंकर यांनी 'फाइलवर टिपण कसं लिहावं' हा तास घेतला. ऐकताना पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींच्या जांभईमुळे.

सगळ्यांचे तास झाले. हौसाबाईंचा राहिला.

"मला काय येतंय?" त्या मृणालला म्हणाल्या. मृणाल ही या वर्गांची समन्वयक, मूळची ठाण्याची, दिल्लीत पंधरा वर्षं काढलेली. "मी चौथी पास."

"काकू, काहीतरी येतच असणार ना, यार."

"भाकरी येतीय."

"भाकरीचा तास गेल्या सत्रात झाला. कर्नलसाहेबांनी घेतला."

"मंग सामान भरायला येतंय," हौसाबाई ओशाळून म्हणाल्या. "सकाळी बदलीची ऑर्डर आली की संध्याकाळच्या गाडीला आख्खं घर पेट्यांत. चौदा येळा केलंय. एक कपबशी फुटली न्हाई. पर हे काय शिकवायचं असतंय व्हय?"

मृणालने तिथल्या तिथे फॉर्मवर लिहिलं: विषय, स्थलांतराचं व्यवस्थापन.

हौसाबाईंची एकच अट होती. खोटं सामान भरून शिकवणार नाही, खरी खोली हवी. वर्गाला लागूनच डीन भटनागरांचं ऑफिस होतं आणि ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत भोपाळला होते. मृणालने फोन केला, "सर, उद्याच्या तासाला सीनियर्सना तुमची खोली वापरू का?" डीन म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल." कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. पंचवीस मिनिटांत भरायचं, वीस मिनिटांत परत लावायचं, असं ठरलं.

गुरुवारी सव्वानऊला घरून नऊ काळ्या पत्र्याच्या पेट्या आल्या. वर पांढऱ्या रंगात सुभेदारसाहेबांचं नाव आणि एक ते नऊ आकडे. समोर बारा निवृत्त, सगळे मिळून पाच गुडघे नवे. मागे एमबीएची तीसेक मुलं, कारण त्यांचे सर आले नव्हते.

हौसाबाईंनी पदर खोचला आणि ज्या बाईला काही येत नव्हतं ती बाई तिथून गेली.

"जड खाली, फुटकं मधी, देव वर," त्या म्हणाल्या. "पेटीत काय हाय त्याची यादी झाकनाच्या आतनं चिकटवायची. भाएरनं चिकटवली की चोराला सोपं जातंय. कागद उभे, पुस्तकं आडवी. आन् एकाच माणसानं सांगायचं, बाकीच्यांनी फकस्त हात चालवायचे. अभ्यंकर भाऊजी, तुमी बोलताय. हात चालवा."

केंद्र सरकारला चौतीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते चार सेकंदांत झालं. अभ्यंकर गप्प बसले आणि यादी लिहायला लागले.

"एक नंबरची पेटी सगळ्यात म्हत्त्वाची," हौसाबाई मुलांकडे वळून म्हणाल्या. "नव्या गावात पयल्या रात्री जे लागंल ते यात. चहा, साखर, आगपेटी, औषध, एक बल्ब. ही पेटी कदी गाडीत टाकायची न्हाई. आपल्याजवळ ठेवायची. बाकीचं हरवलं तरी मानूस रात्र काढतंय."

मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या वह्या आहेत हे त्या दिवशी प्रथमच कळलं.

बाविसाव्या मिनिटाला डीनचं ऑफिस पेट्यांत होतं, टेबल, खुर्च्या आणि कपाट शेजारच्या वर्गात. धुळीने शिंका आल्या त्याही भिंतीकडे तोंड करून. मग सुभेदार मल्हारी लेबलं लिहायला बसले आणि अडले.

"टू कुठं लिहू?"

"परत हितंच लावायचंय की."

"फ्रॉम हितं, टू हितं? असा माल फौजेत दिसला तर चौकशी बसती." मल्हारींच्या हातून रिकामा रकाना सोडवेना. दर जानेवारीत ते काला अंबला, मराठ्यांच्या रणस्मारकाला, डोकं टेकवायला जात. हाताला तेवढंच गाव पाठ होतं. त्यांनी आठही लेबलांवर 'पानिपत' लिहिलं.

"एवढं सामान घेऊन मराठे पानिपतला गेले की काय होतं, ठाऊक आहे ना?" अभ्यंकर म्हणाले.

"त्यांच्या पेट्यांवर नंबर नव्हते," हौसाबाई मान वर न करता म्हणाल्या.

आता अभ्यंकरांना चैन पडेना. माल आहे, यादी आहे, ठिकाण आहे, पण गेटपास नाही. अशी अपुरी फाइल त्यांनी आयुष्यात पुढे जाऊ दिली नव्हती. ते स्वतः खाली गेले, तीन प्रतींत गेटपास भरून सुरक्षा अधिकाऱ्याची सही घेऊन आले आणि पास दोन नंबरच्या पेटीवर टाचणीने लावला. ग्रुप फोटोसाठी आठ पेट्या मुलांकरवी पोर्चमध्ये रचल्या. एक नंबर, नियमाप्रमाणे, खोलीतच राहिली. मग दहा वाजले आणि दहा वाजता निवृत्त लोक चहा पितात.

त्याच दहा मिनिटांत विद्यापीठाचा टेंपो घेऊन सतबीर ड्रायव्हर पोर्चमध्ये आला. प्रदर्शनासाठी सतरंज्या आणायला तो पानिपतलाच निघाला होता. समोर पानिपतच्या पेट्या, वर गेटपास, तीन प्रती, सही, शिक्का. इतके स्वच्छ कागद त्याने त्या विद्यापीठात पूर्वी पाहिले नव्हते. पेट्या एमबीएच्या मुलांनीच चढवून दिल्या. त्यांना वाटलं, अभ्यासक्रमात आहे.

चहा पिऊन मंडळी परत आली. हौसाबाईंनी रिकाम्या पोर्चकडे पाहिलं.

"आमच्या वक्ताला गाडी येवढ्या लवकर कदी आली न्हाई," त्या म्हणाल्या.

सतबीर गाडी चालवताना फोन उचलत नसे, ही त्याच्याबद्दलची एकमेव तक्रार होती. मृणाल बारापर्यंत फोन लावत राहिली. साडेबाराला डीन भटनागर आले. रात्री नव्हे, दुपारीच. कारण उद्या येणारी तपासणी समिती आजच दोन वाजता येत होती. त्यांनी दार उघडलं. आत पंखा होता, ट्यूबलाइट होती, भिंतीत एक खिळा होता आणि मधोमध एक काळी पेटी.

"मृणाल जी," ते शांतपणे म्हणाले, "मेरा कमरा कहाँ है?"

"सर, अभी तो पानिपत के रास्ते पे, मुरथल के आसपास होगा."

डीननी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हा तास कुणाचा. मृणालने नाव सांगितलं. "अगले सेमिस्टर से इनका नाम काट दीजिए," डीन म्हणाले. "और ये क्लास-वास मान्य नहीं."

हौसाबाई दारातच उभ्या होत्या. चौदा छावण्यांची हिंदी त्यांना चांगली कळत होती. मल्हारींनी पाहिलं की त्यांनी पदराचं टोक एकदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तेजपूरची ऑर्डर आली होती तेव्हाही एवढंच केलं होतं. त्यांनी शनीचं नाव काढलं नाही, माफीही मागितली नाही. समोर एक माणूस नव्या गावात उघड्यावर पडल्यासारखा उभा होता आणि अशा वेळी काय करायचं ते त्यांना माहीत होतं.

"साब, पहले बैठो," त्या म्हणाल्या. डीनना बसायला खुर्ची नव्हती. एमबीएच्या मुलाने वर्गातून एक आणून दिली. हौसाबाईंनी एक नंबरची पेटी उघडली. आत मोबाइलचा चार्जर, जादा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, ऑफिसचा शिक्का, चहाच्या पिशव्या, अर्धा बिस्किटांचा पुडा आणि दोन पेनं होती.

"उन्नीस पेन थे ड्रॉवर में," त्या म्हणाल्या. "लिखते दोइच हैं. चलाके देखा मैंने."

डीननी गोळी घेतली. चहा घेतला. एका पेनाने तळहातावर रेघ ओढून पाहिली.

"अब बोलो, सबसे पहले क्या चाहिए?"

सबसे पहले मान्यतेचं पत्र हवं होतं. समिती ते पाहिल्याशिवाय खुर्चीत बसत नाही, असं डीन म्हणाले. ते टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, म्हणजे होतं.

"दुसऱ्या खनात न्हाई व्हतं," हौसाबाई मृणालला म्हणाल्या, "सांग त्यास्नी. कपाटाच्या मागं पडलं व्हतं, कोळिष्टकात. पुसून घेतलंय. पेटी नंबर चार, वरनं तिसरं पाकीट, शालीच्या घडीत."

डीनना एवढंच कळलं की आज ऑफिस जागेवर असतं, तर ते पत्र मिळालं नसतं.

पावणेदोनला सतबीरने फोन उचलला. मुरथलच्या ढाब्यावर त्याचा तिसरा पराठा चालू होता. हौसाबाईंनी फोन घेतला.

"पहले हात धो," त्या म्हणाल्या. "साबुन से. हाँ, मैं रुकती हूँ. धोया? मक्खन गया? अब चार नंबर. खाट पे रख, नीचे नहीं."

दोन वाजून पाच मिनिटांनी पत्राचा फोटो मृणालच्या मोबाइलवर आला. समिती तेव्हा जिना चढत होती. पुढच्या दीड तासात समितीने आणखी सात कागद मागितले. हौसाबाई डोळे मिटून पेटी आणि पाकीट सांगत होत्या, अभ्यंकर यादी समोर धरून दुजोरा देत होते आणि पलीकडे सतबीर ढाब्याच्या दोन खाटांवर डीनचं ऑफिस चालवत होता. ढाबेवाल्याने त्याला दोन माणसं मदतीला दिली. एकही कागद यायला आठ मिनिटांहून जास्त लागली नाहीत. तपासणीत इतक्या झटपट कागद मिळालेले आपण पाहिले नाहीत, असं समितीचे अध्यक्ष म्हणाले. अहवालात डीनच्या कार्यालयाच्या साधेपणाचा खास उल्लेख झाला. 'अनावश्यक सामान आढळले नाही.'

समिती गेल्यावर डीननी हौसाबाईंचा फॉर्म मागवला. तास झाला की नाही, या रकान्यात 'झाला' असं लिहिलं. वेळेच्या रकान्यात पंचेचाळीस मिनिटं खोडून 'सहा तास' केलं. सही केली, पेन चाललं.

"एक बात बताइए," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "पाँच से आठ नंबर की पेटी में क्या है?"

"जो आपने आज माँगा नहीं, वो सब."

डीननी विचार केला. त्या चार पेट्या रात्री पानिपतहून परत आल्या त्या थेट भांडारात गेल्या आणि अजून तिथेच आहेत. हौसाबाईंनी त्यांची पोच मात्र लेखी घेतली. नऊ नंबरच्या पेटीत डीनचं फ्रेम केलेलं मानपत्र होतं. ते तेवढं परत लावलं, कारण खिळा मोकळा होता.

जानेवारीत खगोलशास्त्र सुरू झालं. वर्ग शनिवारी संध्याकाळी, विद्यापीठाच्या वेळापत्रकात तेवढीच जागा होती म्हणून. पहिल्या दोन शनिवारी धुक्यात दुर्बिणीचं दुसरं टोकही दिसत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस पडून गेला आणि शनिवारी सातला पश्चिमेकडे आभाळ निवळलं. मॅडमनी दुर्बीण लावली आणि म्हणाल्या, आधी हौसाबाई.

हौसाबाईंनी चप्पल काढली. मग थंडी वाजली म्हणून घातली. डोळा लावला.

बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मागे रांगेत एकोणचाळीस लोक शालीत गुंडाळून उभे होते. एरवी कँटीनच्या रांगेत कोपर मारणारी ही मंडळी, पण कुणी 'आटपा' म्हटलं नाही.

"काय गं, दिसला का?" मल्हारींनी शेवटी विचारलं.

"दिसला की."

"मंग? काय करतोय?"

हौसाबाईंनी डोळा न काढता सांगितलं, "कायबी न्हाई. त्याचं आपल्याकडं ध्यानच न्हाई हो."

मग त्या बाजूला झाल्या आणि पुन्हा बघायला मिळावं म्हणून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.