कड्यावरचे घर आणि मी

मी एक जुना नकाशा आहे. पोलंडच्या समुद्रकाठच्या एका जिल्हा कचेरीत, सभागृहाच्या भिंतीवर लटकतो. जिल्हे नव्याने आखले गेले त्या वर्षी एका म्हाताऱ्या मोजणीदाराने किनारा पायी तुडवून मला काढले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. मित्रांनो, त्या कौतुकानेच माझा घात केला. त्यानंतर कचेरीतले कोणी किनाऱ्यावर गेलेच नाही. सगळे मोजपट्टी माझ्यावरच ठेवू लागले.

कड्यावरच्या वस्तीत निराळी रीत होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी गावकरी उंबऱ्यापासून कड्यापर्यंत दोर ताणत. दर वावाला, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतराला, एक गाठ.

मासे धुरी देऊन टिकवणारी तेक्ला नेत्सेल तो दोर घेऊन सभेत आली. तिचे घर धोक्यात आहे अशी नोंद झाली, तर तिला कड्यापासून दूर, आत जमीन मिळणार होती.

"चार गाठी उरल्यात, साहेब. गेल्या साली नऊ होत्या."

अध्यक्ष बोगुमिल यांनी माझ्यावर पट्टी टेकवली. "इथे चाळीस मीटर दिसतात, बाई. रस्ता गावाच्या अखत्यारीत, कडा बंदर खात्याच्या. आम्ही नकाशाबाहेर जात नाही."

"समुद्राला सांगितलंत का हे?"

"समुद्राला इथे मत नाही."

"पण तो दर हिवाळ्यात कामावर येतो. तुमच्यासारखा खुर्ची उबवत नाही!"

"बसा खाली," मागून एक सदस्य खेकसला, "अंगाला माशांचा वास मारतोय."

हात वर झाले. नोंद नामंजूर.

तेक्ला माझ्याकडे आली. माझा तिला किती राग होता ते तिच्या डोळ्यांत दिसले. तिने मासे चिरायची सुरी काढली आणि माझा किनारा उभा कापला. ती पट्टी अध्यक्षांच्या पुढ्यात आपटली. "एवढं गेलंय. यावर राहून दाखवा!"

शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी ती पट्टी मला गोंदाने परत चिकटवली. फार सफाईने.

फेब्रुवारीच्या वादळात तिचे घर खाली गेले. ती बहिणीकडे गेली होती, म्हणून वाचली. माझ्यावर ते घर अजून उभे आहे, लाल छपरासकट.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला काचेत बसवू नका. बाहेर जा, पाहून या आणि जे उरले नाही ते माझ्यावरून खोडा.