खालच्या जाळीचं चाक

विबकेने नवऱ्याच्या पहिल्या बायकोला, गेशेला, एकदाही समोरासमोर पाहिलं नव्हतं, पण जळायला चेहरा लागतोच असं कुठाय? गेशेचं अख्खं स्वयंपाकघर समोर होतं की. ओट्यावर हात टेकावा तर तो गेशेचा, कपाट उघडावं तर ते गेशेचं, आणि जेवणं झाल्यावर भांडी घालायची ती गेशेनेच निवडलेल्या मशीनमध्ये. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं तिला स्वतःच्याच घरात दोन वर्षं वाटत आलं होतं.

आता इथली, ओल्डनबुर्ग शहरातली रीत अशी, की घर सोडणारी बाई ओटा, कपाटं, शेगडी, सगळं उचकटून घेऊन जाते. मागे भिंतीत नळाची तोंडं तेवढी राहतात. पण नवऱ्याला, हाउकेला, सोडून गेली तेव्हा गेशेने नेलं ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. शेजारच्या बेरेन्सबाईंनी विबकेला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चहा पिताना सांगितलं, आणि कपातली खडीसाखर विरघळेपर्यंत थांबून वर म्हणाल्या, "जी बाई स्वयंपाकघर मागे ठेवते ना, ती कायमची जात नसते हो." बाईंचं काय गेलं बोलायला? विबकेच्या मनात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं.

आणि तिचं स्वतःचं स्वयंपाकघर? हिरव्या कपाटांचं, बारा वर्षं पुसून पुसून जपलेलं. ते तिने हाउकेकडे येताना नव्या भाडेकरूला देऊन टाकलं होतं. एका घरात दोन-दोन कशाला, असं हाउके म्हणाला होता, आणि तेव्हा तिलाही ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

जानेवारीत भांडी धुण्याच्या मशीनच्या खालच्या जाळीचं एक चाक तुटलं. जाळी बाहेर ओढली की एका बाजूला कलंडायची आणि ताटल्या एकमेकींवर आपटायच्या. चाक मागवायचं तर मशीनचा मॉडेल नंबर हवा. हाउके खाली वाकला, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "गेशेला विचारतो. तिला ठाऊक असेल."

झालं. विबकेच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या हव्या होत्या, तेव्हा गेशेला फोन. ओव्हनच्या दाराचं रबर गेलं, तेव्हाही गेशेलाच. फोन लावायचा तोही घरात बसून नाही. जाकीट चढवून बागेतल्या शेडपाशी जायचं आणि पाऊण तास येरझाऱ्या घालायच्या. खिडकीतून विबकेला ऐकू काही यायचं नाही, पण दिसायचं सगळं. तो मान वाकडी करून ऐकत असायचा. हसायचा. इतका वेळ लागावा एवढा लांब नंबर जगात कुठल्या यंत्राला असतो? बरं, हा माणूस चष्म्याच्या दुकानात काम करणारा. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो आणि घरातला नंबर काही याला दिसत नाही.

या वेळी गेशेने फोन उचलला नाही. आठवडाभरात पाहू म्हणून हाउकेने विषय सोडला. विबकेने नाही सोडला.

शनिवारी हाउके, इथल्या हिवाळी रिवाजाप्रमाणे, त्याच्या मंडळाबरोबर हातगाडीत दारूच्या बाटल्या भरून पायी भटकायला आणि शेवटी केल नावाच्या पाल्याची भाजी नि सॉसेज हाणायला गेला. तो वळणाआड गेल्याबरोबर विबकेने बाह्या सरसावल्या. घरातल्या एकूण एक यंत्राचा नंबर शोधायचा, यादी करायची आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. मग बघू कशाला लागते ती गेशे.

आधी तिने ओट्याखालची फळी काढली आणि जमिनीवर आडवं पडून बॅटरी मारली. तिथे धूळ आणि एक जुनं बटण. मग मशीनच पुढे ओढलं. पाठीत कळ आली, मागे हात घालून चाचपडली, तर तिथे नुसता पत्रा. अर्ध्या तासाने ती घामाघूम होऊन बसली आणि चिडून मशीनचं दार उघडलं, तर दाराच्याच कडेला, रोज हात लागतो तिथे, चांदीच्या रंगाची पट्टी. तिच्यावर स्पष्ट नंबर. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला स्वतःचंच हसू आलं.

मग सपाटाच लावला. फ्रिजचा नंबर भाजीच्या खणामागे निघाला, ओव्हनचा दार उघडल्यावर चौकटीवर, कपडे धुण्याच्या मशीनचा गोल दाराच्या आत. एकेक नंबर कागदावर उतरवताना तिला असं वाटत होतं, की हे घर वीत-वीत करून आपल्या ताब्यात येतंय. किती दिवसांनी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

चाक मागवायला तिने हाउकेचा लॅपटॉप उघडला. सुटे भाग विकणाऱ्या दुकानाचं पान लगेच त्याच्या नावाने उघडलं. तिने नंबर टाकला. खाली ओळ आली: हे यंत्र तुमच्या यादीत आधीच आहे.

तिने यादी उघडली. भांडी धुण्याचं मशीन, फ्रिज, ओव्हन, कपड्यांचं मशीन, व्हॅक्यूम क्लीनर. पाचही नंबर होते, एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. यादी केल्याची तारीख पाच वर्षांपूर्वीची, गेशे गेली त्या वर्षाची. म्हणजे नंबर हाउकेजवळ पहिल्यापासूनच होते.

तिने चाक स्वतःच्या नावावर मागवलं आणि हाउकेला काही म्हणाली नाही. का नाही म्हणाली? कारण तो आपणहून सांगेल अशी वेडी आशा. रविवार गेला, सोमवार गेला. तो बटाटे सोलू लागला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या. ती ऐकत होती आणि प्रत्येक शब्दाच्या मागे दुसरी बाई शोधत होती.

मंगळवारी चाक आलं. करड्या रंगाचं, अक्रोडाएवढं. तिने ते दाबून बसवलं आणि जाळी अशी सरसर बाहेर आली की बघत राहावं.

संध्याकाळी जेवण झाल्यावर हाउकेने जाकीट चढवलं. त्या चाकाचं राहिलंय, म्हणाला, गेशेला आज विचारूनच टाकतो. विबकेने मशीनचं दार उघडलं आणि एका बोटाने जाळी बाहेर ओढली. ती सुतासारखी सरळ आली. हाउकेने चाकाकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाच्या दारावर आतून लावलेल्या यादीकडे, आणि त्याचा चेहरा पडला. शाबासकी राहिली बाजूला, कुणी काही हिरावून घेतल्यासारखा चेहरा.

"लॅपटॉपवर तुझ्या यादीत पाचही नंबर आहेत," ती म्हणाली. "पाच वर्षांपासून. मग तिला कशाला विचारतोस?"

तो खुर्चीवर बसला. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं.

"नंबर विचारला तर ती फोन ठेवत नाही," तो म्हणाला. "बाकी काही विचारलं की ठेवते."

"आणि तिला येतो नंबर?"

"नाही. ती म्हणते, थांब, आठवून बघते." तो टेबलाकडे बघत होता. "तेवढा वेळ ती असते."

दोन वर्षं विबके गेशेवर जळत होती. बिचारी गेशे. स्वयंपाकघर टाकून कधीच निघून गेलेली, नव्या घरात जुन्या मशीनचा नंबर आठवत बसणारी. त्या बाईने मागे काही ठेवलं नव्हतं. ठेवून घेतलं होतं ते या माणसाने.

ती गुडघ्यांवर बसली. जाळीखाली हात घालून तिने चाक खटकन ओढून काढलं. जाळी कलंडली, ताटल्या एकमेकींवर आपटल्या.

"काय करतेस, विबके?"

"घर सोडणारी बाई स्वयंपाकघर घेऊन जाते ना?" ती म्हणाली. "यातलं माझं एवढंच आहे."

लेअरला तिची बहीण राहते, तिकडे जाणारी गाडी आठला होती. तिने पिशवी भरली आणि कोट घातला. एका खिशात चाक, दुसऱ्यात फोन. हाउके स्वयंपाकघरातून उठला नाही.

फाटकापाशी ती थांबली. थांबायचं नव्हतं, तरी थांबली. खिडकीत दिवा होता. हाउके कलंडलेल्या जाळीसमोर उभा होता, आणि आता तर त्याच्याकडे विचारायला खरोखरीचं कारण होतं. त्याने टेबलावरचा फोन उचलला, बोटाने काहीतरी दाबलं, कानाला लावला.

विबकेने खिशात हात घालून आपला फोन घट्ट धरला. तो वाजला नाही.